हळबे साहेबाचा गाल

“या बारा काचा. अकरांवर तुमच्या गालातल्या पेशी, एकीवर माझ्या. माझी काच कोणती ते तासाभरात सांगा. नाही सांगता आलं, तर सगळे नापास!”

असं म्हनून हळबे साहेब खुर्चीत असं बसलं, की पयली बोंब खुर्चीनंच मारली!

हे साहेब म्हंजे पेशीशास्त्राच्या परीक्षेला बाहेरनं आलेलं परीक्षक. एक्स्टर्नल! ज्या कॉलेजात पाय ठेवतील तिथलं अख्खं पीक आडवं करून जानार. आज त्यांनी काय केलं? एमेस्सीच्या अकरा पोरापोरींना काडीनं आपापला गाल आतनं खरवडायला लावला, काचंवर पुसायला लावला. सोताचा बी खरवडला. मग पडद्याआड जाऊन बारा काचा पत्त्यावानी पिसल्या, त्यांवर नंबर टाकलं, आन् आपला नंबर चिठ्ठीवर लिहून मगदूम सरांच्या खिशात कोंबला. मगदूम सर म्हंजे इभागाचं मुख्य. पर आज बिचारं खिशाला हात लावायला बी भ्यायलं!

“सर, पुस्तकातलं काही बी विचारा की!” तहसीन मुजावर म्हनाली. तिला मिरजंत रक्त तपासायच्या लॅबमधी नोकरी ठरली व्हती. येक तारखंला पास झाल्याचा कागद दाखवायचा, न्हाईतर जागा दुसऱ्याला.

“पुस्तकातलं पोपटालाही येतं! मला पेशी ओळखून दाखवा!”

पोरगी हुशार! परतेक काचंच्या अर्ध्या भागाला तिनं लाल रंग चढवला आन् मायक्रोस्कोपला डोळा लावला. बाईमानसाच्या काही पेशींत केंद्रकाच्या कडंला बारका ठिपका दिसतुया, बाप्याच्यात न्हाई. अर्ध्या तासात तिनं पाच काचा बाजूला काढल्या.

“सर, या पाच आम्हा मुलींच्या. तुमची या सातांत आहे.”

साहेबाच्या भिवया वर गेल्या. “वा! मी पुरुष आहे एवढं तरी सिद्ध झालं. पुढं?”

पुढं काय? पुढं डोंगर! सहा पोरं आन् येक साहेब, पेशी सगळ्यांच्या सारख्याच. मायक्रोस्कोपला काय कळतंय, कोन डॉक्टर आन् कोन डोकंदुखी!

रेवण माळगे म्हनाला, “सर, तुमचा एक केस द्या. मुळासकट. डीएनए काढून ताडून बघतो.”

आता आली का पंचाईत! साहेबाच्या डोक्यावर केस शोधायचा म्हंजे मायक्रोस्कोप तिकडंच न्यावा लागला असता. आन् गावला असता तरी काय? डीएनएचं मशीन तीन वर्सांपास्नं हार घालून कोपऱ्यात बसलं व्हतं. त्याची पिन भितीतल्या बोर्डात बसत नव्हती!

“वीस मिनिटं राहिली,” साहेब घड्याळ बघून म्हनालं, आन् नापासाच्या कागदाला टाचनी लावाय लागलं.

तवा मोरीपाशी काचा धूत उभी असलेली गोदाक्का खोचरे पदराला हात पुसत पुढं आली.

“सायेब, मी सांगू का?”

“तुम्ही? काय शिकलात?”

“बावीस वर्सं काचा धुती. कुनाच्या तोंडात काय असतंय ते माज्याएवढं कुनाला ठावं?”

“आणि चुकलात तर?”

“तर मला बी नापास करा! तशी मी चौथीतच झालीया!”

पोरं हसली. साहेब बी मिशीतल्या मिशीत हसलं. “बघा मग!”

गोदाक्कानं फळीवरनं आयोडीनची बाटली काढली. सात काचांच्या बिनरंगाच्या भागावर येक येक थेंब टाकला. पयली काच चहावानी पिवळी. दुसरी तशीच. तिसरी, चौथी, पाचवी... पिवळी! पोरांचं तोंड बी तसंच व्हत चाललं. सहाव्या काचंवर मातूर काळंनिळं ठिपकं उठलं. सातवी परत पिवळी.

“ही घ्या तुमची! नऊ नंबर!”

मगदूम सरांनी खिशातनं चिठ्ठी काढली. “न... नऊ!”

“अशक्य!” साहेब ताडकन उठलं. “आयोडीननं माणूस ओळखता येत नाही!”

“मानूस न्हाई, बटाटा वळखला! पिठूळ काय बी असलं की आयोडीन काळंनिळं पडतंय. ह्या लेकरांनी भ्यानं सकाळपास्नं पान्याबिगर काय तोंडात घातलं न्हाई. परीक्षंच्या दिवशी कॉलेजात खातंय कोन? बाहेरनं आलेला सायेब! गाल खरवडायच्या आदी पाच बटाटेवडं मीच आनून दिलं व्हतं.”

“पाच नाही, चारच खाल्ले!” साहेब बोलून गेलं, आन् जीभ चावली. उशीर झाला व्हता. अख्खी लॅब खिदळाय लागली.

पर साहेब हटतंय व्हय? बोट वर करून म्हनालं, “थांबा! लाळेतलं विकर पिठूळ पदार्थ पचवतं. मग माझ्या तोंडात ते उरलं कसं?”

“पचवतंय की! पर शेवटचा घास गिळला न्हाई तवर तुमी काडी घातली गालात. लाळंला कामाला लागाय येळ नगं? ती काय एक्स्टर्नल हाय, आल्या आल्या समद्यांचा निकाल लावायला!”

मगदूम सरांनी डोळं मिटलं. आन् मग साहेब जे हसाय लागलं! पोट धरून, टेबलावर थापा मारून, डोळं पुसून. नापासाचा कागद टराटरा फाडला.

“प्रॅक्टिकलला सगळे पास! थोडी तोंडी घेतो आणि सही करतो. आणि आक्का, तुम्हाला काय देऊ?”

“खुर्ची द्या.”

“खुर्ची?”

“बावीस वर्सं हितं उभी हाय. पाय सुजल्यात.”

साहेबानं सोताची गादीची खुर्ची उचलली आन् मोरीपाशी नेऊन ठेवली. गोदाक्का ऐसपैस बसली. साहेबानं अकरा जनांची तोंडी परीक्षा उभ्यानंच घेतली. उभ्या मानसाचं परश्न लई आखूड असत्यात! अर्ध्या तासात समदी मोकळी झाली, आन् तहसीनच्या कागदावरची सही वाळायच्या आत ती मिरजंच्या एष्टीत बसली.