मागच्या दाराची दोरी

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास, मोरखिंडीच्या दुसऱ्या वळणावर, बाजाराला निघालेल्या एका खासगी बसच्या इंजिनातून धूर निघाला. गाडीत आंबेटेक गावची माणसे होती. पुढचे दार उघडत नव्हते. मागचे दार दोरीने बांधलेले होते.

ती दोरी इंदूआत्याने बांधली होती.

इंदूआत्या म्हणजे आंबेटेकचे युक्त्यांचे कोठार. दूध उतू जाते? पातेल्यावर लाकडी उलथने आडवे ठेवा. मिठाला पाणी सुटते? बरणीत चिमूटभर तांदूळ टाका. मिरच्या सडतात? देठे खुडून ठेवा. घाटात पोट ढवळते? लिंबू हुंगा आणि नजर लांब डोंगरावर ठेवा. पिशव्यांची अदलाबदल होते? पिशवीच्या कानाला लाल चिंधी बांधा. आंबेटेकची कोणतीही पिशवी बघा, तिला चिंधी असायचीच. सांगताना आत्या 'बहुतेक' हा शब्द कधी वापरत नसे, आणि खरे सांगायचे तर तिच्या युक्त्या चालत. नवी सून घरात आली की सासू म्हणे, "जा, आधी आत्याला भेटून ये. मग माझं ऐक."

अशा माणसाला एक खोड लागते. कुठे काही अडले की हात शिवशिवतात.

बसच्या मागच्या बाजूला संकटात उघडायचे दार होते. त्याची कडी दिवाळीत मोडली. तेव्हापासून ते दार खडखडे, फटीतून धुरळा आत येई, आणि बाजारात पोचेपर्यंत मागच्या बाकावरची माणसे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत. लोक कंडक्टर रामजी तुपेला बोलत. तुपे मालकाला, भगवानशेठला सांगे. भगवानशेठ म्हणे, "बघू."

संक्रांतीला इंदूआत्याच्या नव्या काळ्या लुगड्यावर धुरळा बसला. ती उठली. पिशवीतून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी काढली. दाराच्या मुठीतून ओवली आणि बाकाच्या दांडीला करकचून बांधली. गाठ साधी नव्हती. तिच्या माहेरी कडब्याच्या गाडीवर बांधत ती गाठ, ओढाल तितकी आवळणारी. खडखडाट जागच्या जागी थांबला.

"आत्या, तुम्ही होता म्हणून!" तुपे म्हणाला. "त्या आवाजानं डोकं उठलं होतं माझं. राहू द्या अशीच."

तिची थोरली जाऊ अनसूया मागच्या बाकावर बसली होती. ती पदर झटकत म्हणाली, "आमच्या इंदूला मंत्री करा रे कोणीतरी!"

"कसलं खातं देऊ?" कोणीतरी विचारले.

"दारं-खिडक्या!"

गाडी हसली. आत्याही हसली. आणि त्या दिवसापासून दाराबद्दल कोणी बोलायचे राहिले. लोक तुपेला बोलेनात, तुपे शेठला सांगेना. शेठला 'बघू' म्हणायचेही कष्ट उरले नाहीत. दोरीने आवाज बांधला होता, तसे गावाचे तोंडही बांधले होते. हे तेव्हा कोणाच्याही ध्यानात आले नाही. आत्याच्या तर नाहीच.

आता मंगळवार.

धूर दिसताच ड्रायव्हरने गाडी डोंगराच्या अंगाला घातली. दरीपेक्षा कडा बरा, हे शहाणपणाचेच होते. पण त्यामुळे पुढचे दार कड्याला टेकले. ड्रायव्हर आपल्या बाजूने खाली उतरला, पण त्याच्या मागोमाग जायची वाट धुराने भरली होती. खिडक्यांना गज. माणसे मागे धावली.

"मागचं उघडा! ढकला, ढकला!"

"ढकलू नका!" इंदूआत्या मधल्या बाकावरून ओरडली. "ढकलाल तशी आवळेल ती! दार आत ओढा, दोरी सैल पडू द्या!"

पण जिवावर बेतलेल्या माणसाला दार आत ओढ म्हणून सांगून पटत नाही. माणसे ढकलत राहिली. गाठ आपले काम करत राहिली. तुपेची नखे तुटली, गाठ सुटली नाही. आत्याने स्वतः दाराकडे जायचा प्रयत्न केला, पण गर्दीने तिला परत रेटले. आपली गाठ किती पक्की आहे, हे तिने त्या धुरात उभे राहून पाहिले. दाराशी चेंगरलेली अनसूया तिच्या नावाने हाका मारत होती. मग हाका थांबल्या.

एका शेतकऱ्याच्या हातात विळा होता. विळा बोथट होता, त्याला धार लावायलाच तर तो बाजाराला निघाला होता. त्याने तो दोरीवर करवतीसारखा घासला. दोरी एकेक धागा करत तुटली, आणि माणसे दारातून रस्त्यावर सांडली. सगळी वाचली. अनसूया शुद्धीवर आली तेव्हा तिचे मनगट मोडलेले होते. थोड्या वेळाने गाडीचा पुढचा भाग पेटला.

संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर गाव जमले. भगवानशेठ इस्त्रीच्या कपड्यांत आला. जखमींची चौकशी केली, हात जोडले, आणि मग म्हणाला, "नियमाविरुद्ध दार बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. गाडी कंडक्टरच्या ताब्यात असते. तुपेला मी आजपासून कामावरून काढलं. पोलिसांतही त्याचंच नाव जाईल."

तुपे खांबाला टेकून उभा होता, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. त्याने एकदा इंदूआत्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. त्याने तिचे नाव घेतले नाही. ते घेतले असते तर आत्याला सोपे गेले असते. रागावता आले असते.

गळ्यात हात अडकवलेल्या अनसूयेने तिला कोपराने ढोसले. "गप्प बस. दोरीवर नाव नसतं लिहिलेलं."

"गाठीवर असतं, अक्का," आत्या पुटपुटली.

तिला पुढचे सगळे दिसत होते. उद्या मिठाच्या बरणीसाठीसुद्धा कोणी तिच्या दारात येणार नाही. सासवा सुनांना सांगतील, आत्याचे ऐकू नको, गाडीभर माणसे मारली असती तिने. एवढ्या वर्षांचा मान एका गाठीपायी जाणार. आणि नाही बोलली, तर मान राहील, तुपेची भाकरी जाईल. तिने कधी कोणाला 'बहुतेक' म्हणून सांगितले नव्हते. आता स्वतःलाच सांगताना अडखळायचे?

ती उठली.

"शेठ, दोरी माझ्या पिशवीतली. गाठ माझ्या हातची. तुपेला काढू नका. पोलिसांत नाव द्यायचं तर माझं द्या. इंदुमती बाळकृष्ण शेलार."

"आत्या, तुमची युक्ती आमच्या जिवावर उठली होती!" मागून एकजण ओरडला.

"उठली होती," आत्या म्हणाली. "तुझं खरं आहे."

तुपेने मान वर केली. "दोरी राहू द्या अशीच, असं मीच म्हणालो होतो," तो म्हणाला. "तेवढं माझंही लिहा."

भगवानशेठचा चेहरा उजळला. "बघा! म्हणजे दोष गाडीचा नव्हताच. बाई, मोठं मन आहे तुमचं. मिटला विषय."

"माझा मिटला. तुमचा आता सुरू होतो. दोरी मी का बांधली?"

"ते तुम्हालाच ठाऊक."

"दार खडखडत होतं म्हणून. दार का खडखडत होतं?"

"जुनी गाडी आहे, खडखडणारच."

"कडी नव्हती दाराला. दिवाळीपासून नव्हती. तुपेनं तुम्हाला सांगितलं होतं की नाही?"

शेठने आवाज चढवला. "हे पाहा, गाडी पास आहे. रीतसर तपासणी झालेली आहे. वाटेल ते बोलू नका."

"कधी झाली?"

"होळीच्या आधी."

"मी दोरी संक्रांतीला बांधली," आत्या म्हणाली. "म्हणजे होळीला ती दारावरच होती. शेठ, माझी दोरीही पास झाली म्हणायची!"

ओट्यावर हसू फुटले. त्यात गंमत नव्हती. शेठने खिशातला फोन काढून पाहिला. फोन वाजला नव्हता. मग सवयीने त्याच्या तोंडून निघाले, "बघू."

त्यावर मात्र कोणी हसले नाही. बायाबापड्या उठून उभ्या राहिल्या आणि जाणाऱ्या शेठला वाट करून द्यायला कोणी जागचे हलेना. तुपेला कामावर ठेवतो, हे सगळ्यांसमोर कबूल केल्यावरच त्याला ओटा उतरता आला.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. आत्याने जबाब दिला, एक शब्द मागेपुढे न करता.

काही दिवस तिच्या दारात खरोखरच कोणी फिरकले नाही. पहिली आली ती अनसूया, एका हाताने भाकरी थापता येत नाही म्हणून कुरकुरत. मग हळूहळू इतर आले. आत्या अजूनही युक्त्या सांगते, अजूनही 'बहुतेक' म्हणत नाही. फक्त आधी एक प्रश्न विचारते, "अडलंय की मोडलंय?" अडले असेल तर युक्ती. मोडले असेल तर चपला घालते आणि म्हणते, "चल, ज्यानं दुरुस्त करायचं त्याच्या दारात जाऊ. मी येते भांडायला."

तात्पर्य: अडलेल्या कामाला युक्ती चालते, मोडलेल्या वस्तूला दुरुस्तीच लागते, नुसता खडखडाट बंद केला तर दुरुस्ती करणारा निवांत झोपतो. आणि चूक घडलीच, तर आपला वाटा आधी आपण सांगावा, मग दुसऱ्याचा वाटा ताठ मानेने विचारता येतो. इंदूआत्याने आपला सांगितला, तुपेने आपला सांगितला. दोरीने बांधलेल्या दाराची गाडी होळीआधी कोणी पास केली, हे अजून कोणीही सांगितलेले नाही.