खोतांचं होडीभाडं

खाडीवर होडी चालवणारा सोनू तांडेल आबा खोतांना अगदी विटला होता. खोत दर बाजाराला ऐटीत होडीत बसत आणि भाडं मागितलं की म्हणत, "होडी पलीकडे जायचीच आहे. मी बसलो काय, न बसलो काय, तुझं काय बिघडतं?"

गावच्या खोतांशी भांडणार कोण? हल्ली तर बाकीचे उतारूही हेच ऐकवून घासाघीस करू लागले होते. वल्ही मारून सोनूचे खांदे दुखायचे आणि हे ऐकून डोकं.

एक दिवस खोत मुलीच्या सोयरिकीसाठी निघाले. अंगावर नवंकोरं धोतर होतं. होडी पलीकडे पोचली तेव्हा ओहोटी लागलेली, काठापर्यंत मांडीभर चिखल. अशा वेळी सोनू उतारूंना खांद्यावरून काठाला सोडत असे. त्याने बाकीच्या एकेकाला नेलं, आणि मग होडीत येऊन बसून निवांत विडी पेटवली. काठावर व्याही मंडळी खोतांची वाट पाहत उभी होती.

"अरे, मला ने की," खोत म्हणाले.

"खोत, होडी यायचीच होती, ती आली," सोनू म्हणाला. "मला मात्र आता चिखलात जायचं नाही. गेलो, तर फक्त तुमच्यासाठी जावं लागेल."

खोतांनी एकदा धोतराकडे पाहिलं, एकदा व्याह्यांकडे. मग चरफडत कनवटीला हात घातला. "खांद्यावरून न्यायचे किती घेशील?"

"त्याचे काही नाही, खोत," सोनू उठत म्हणाला. "ते होडीच्या भाड्यातच येतं."