करवतीचं झाकण

विजेवर फिरणाऱ्या करवती गावोगावी नवलाच्या होत्या, तेव्हाची गोष्ट. दिगंबर मेस्त्रींच्या कारखान्यात कोनात लाकूड कापणारी अशी एक करवत होती. तिच्या चकतीवर एक झाकण होतं. कापताना ते वर सरकायचं आणि कापून झालं की लगेच खाली येऊन तिचे दात झाकायचं.

हळूहळू झाकणाच्या सांध्यात भुसा साचला. ते करवतीला म्हणालं, "आज जरा अडून बस ना. म्हणजे मेस्त्री भुसा झाडतील, तेल सोडतील."

"अजून दहा चौकटी कापायच्यात," करवत खेकसली. "तुझं काम ते काय? नुसती उघडझाप! कुरकुर करू नकोस."

झाकण भुशासकट वर-खाली सरकत राहिलं.

दुसऱ्या दिवशी चौकट कापून झाली, पण झाकण वरच अडकलं. चकती अजून फिरतच होती. मेस्त्रींनी सवयीने तुकडा उचलायला हात घातला. करवतीच्या दातांना काहीतरी मऊ लागलं. इतकं मऊ लाकूड तिने कधी कापलं नव्हतं.

मेस्त्री ओरडले. त्यांची बायको निर्मला धावत आली. तिने प्लग उपटला आणि रक्ताने भरलेला हात पदरात गुंडाळून त्यांना दवाखान्यात नेलं.

करवतीने झाकणाला विचारलं, "मी... मी मेस्त्रींना कापलं?"

"तू कुणालाही कापतेस," झाकण म्हणालं. "मी मधे असल्यामुळे तुला ते कळत नव्हतं."

महिन्याने मेस्त्री परतले, एक बोट कमी घेऊन. त्यांनी आधी प्लग काढला, सांध्यातला भुसा ब्रशने झाडला आणि तेलाचा एक थेंब सोडला.

त्याला दोन मिनिटं लागली.