दस्तगीरने सांगितलेला इब्लीस

“…पण मास्तर, तुमच्यातला सैतान तरी नेमका कशामुळं पडला?”

फकीर बुऱ्हाणबाबांनी विचारलं, आणि चिंचेखालच्या चटईवर बसलेली माणसं एलीया मास्तरांकडे बघू लागली.

बाबांचा तकिया, म्हणजे फकिराचं राहायचं ठिकाण, गावाबाहेर होता, नदीच्या वरच्या अंगाला. गुरुवारी दिवेलागणीला तिथे कुणीही यावं, लोबानाचा धूर घ्यावा आणि घरी जावं. मिशनच्या शाळेतले एलीया मास्तरही अधूनमधून येत.

“गर्वानं,” मास्तर म्हणाले. “देवाच्या जवळचा दूत होता तो. देवाच्या बरोबरीला बसायला निघाला आणि कोसळला. त्याच्यासाठी आणि त्याच्या मागे जाणाऱ्यांसाठी अग्नीचं सरोवर आहे. कायमचं.”

“कायमचं?” लिंबाजी मध्येच बोलला. “मंजी सुटका न्हाईच?”

“नाही.”

“हे लई झालं की ओ मास्तर! आमच्यात सैतान न्हाई. यम हाय, पर त्यो बिचारा देवाचाच नोकर. कढईत घालतो, तळतो, आन पाप फिटलं की म्हनतो, ऊठ बाबा, जा पुन्हा जल्माला. माझा आजा सांगायचा. मला तर वाटतं, तळून तळून यमच दमत आसंल!”

बाबा हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

चटईच्या कडेला बसलेल्या दस्तगीरला हसू आलं नाही. बाबा आपल्या बोलण्यावर असं कधी हसले होते, ते तो आठवत राहिला…

मिसरूड फुटायच्या आधीपासून तो बाबांच्या पायाशी होता. अंगण झाडणं, नदीचं पाणी आणणं, बाबांचे गुडघे चेपणं, सगळं त्याच्याकडे. आणि गुरुवारचा लोबान तर त्याचाच. मातीच्या ऊददाणीत निखारे घ्यायचे, वर लोबानाची चिमूट टाकायची आणि एकेकापुढे जायचं. ऊददाणी समोर आली की माणसानं वाकायचं, धूर ओंजळीत घेऊन तोंडावरून फिरवायचा. धरणारा कोण आहे ते बघायचं नाही, अशी तिथली रीत. बाबासुद्धा वाकत. बाबा आपल्यापुढे वाकले की दस्तगीरचा आठवडा सुखात जाई.

मग दसरा झाला आणि हा लिंबाजी उगवला. बाजारात शेळ्या विकणारा माणूस. बायको गेली, घरात मन रमेना, म्हणून तकियात येऊन बसू लागला आणि बसता बसता राहिलाच. पायात चपला घालून थेट चटईवर यायचा. दस्तगीरने रोज सांगावं आणि याने रोज विसरावं.

अशा माणसाच्या हातात एका गुरुवारी बाबांनी ऊददाणी दिली.

“आता लिंबाजी फिरवेल.”

का, ते बाबांनी सांगितलं नाही. दस्तगीरने विचारलं नाही. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही, एवढंच.

तेव्हापासून लोबान फिरायची वेळ झाली की त्याची घागर नेमकी रिकामी व्हायची. तो नदीवर जायचा आणि धूर विरल्यावर परत यायचा. लिंबाजीपुढे एकदाही वाकला नव्हता.

आजही तो घागर घेऊन उठला.

“बस,” बाबा म्हणाले. “पाणी आहे.”

दस्तगीर बसला.

“मास्तरांनी त्यांचं सांगितलं, लिंबाजीनं त्याचं सांगितलं. आपल्यातल्या सैतानाचं तू सांग. इब्लीसची गोष्ट तुझ्यासारखी कुणाला येत नाही.”

किती दिवसांनी बाबांच्या तोंडून असं काही आलं होतं! दस्तगीर सावरून बसला. आता या शेळीवाल्याला कळेल, त्याच्या मनात आलं.

लिंबाजी चुलीतले निखारे ऊददाणीत भरून आला आणि चटईच्या पलीकडच्या टोकापासून फिरू लागला.

“इब्लीस आगीचा होता,” दस्तगीरने सुरुवात केली. “त्याच्याएवढी बंदगी कुणीच केली नव्हती. आभाळात वीतभर जागा अशी नव्हती, जिथं त्यानं कपाळ टेकलं नाही.”

“खरा भक्त की मग!” लिंबाजी तिकडून म्हणाला.

“मध्ये बोलू नकोस… मग अल्लानं माती घेतली. तिचा माणूस केला. आदम. त्याच्यात जीव घातला आणि सगळ्यांना सांगितलं, याच्यापुढं वाका. सगळे फरिश्ते वाकले.”

“आणि इब्लीस?” मास्तरांनी विचारलं.

“उभा राहिला.”

दस्तगीरचा आवाज चढला.

“का वाकायचं त्यानं? मास्तर म्हणतात गर्व. कसला गर्व? इतकी वर्षं कोण राबलं? सगळे झोपलेले असताना कोण उठलं? थंडीत पाणी कुणी तापवलं? उंबऱ्याशी कुत्र्यासारखं पडून कोण राहिलं? आणि मान कुणाला? या कालच्या आलेल्याला! ज्याला चपला कुठं काढायच्या एवढंही कळत नाही, त्याच्यापुढं…”

तो थांबला.

लिंबाजी ऊददाणी घेऊन त्याच्याच समोर येऊन उभा होता.

“आदमाला चपला व्हत्या?” त्याने भाबडेपणाने विचारलं.

कुणी हसलं नाही. एलीया मास्तर चटईच्या काड्या चाचपत बसले.

लिंबाजीने खाली बघितलं. चपला त्याच्या पायातच होत्या. त्याचा चेहरा पडला. हातातले निखारे सांभाळत त्याने एकेक पाय चपलेतून काढला आणि पायानेच त्या चटईबाहेर सारल्या.

“चुकलं माझं, दस्तगीरभाऊ,” तो हळूच म्हणाला. “घ्या. निखारं इझतील.”

धूर दस्तगीरच्या नाकाशी येत होता. तो उठून उभा राहिला होता, केव्हा ते त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. वीतभर वाकायचं होतं. मान जागची हलेना. कान नुसते पेटले होते.

“बाबा…” त्याचा आवाज चिरकला. “मास्तर म्हणतात तिथून सुटका नाही. हा म्हणतो, आहे. खरं काय?”

बाबा गुडघ्यांवर हात देत उठले.

ते दस्तगीरच्या शेजारी येऊन उभे राहिले. लिंबाजीपुढे वाकले. ओंजळीत धूर घेतला, दाढीवरून फिरवला आणि एक पाऊल बाजूला झाले.

लिंबाजीच्या हातात ऊददाणी तशीच होती…

“गोष्ट पुरी करतो, बाबा,” दस्तगीर खाली बघत म्हणाला. “इब्लीस वाकला नाही. मग अल्लानं त्याला शाप…”

“तिथंच थांब, दस्तगीर,” बाबा म्हणाले. “पुढचं अजून घडलेलं नाही.”