खेमा नगारचीची हजिरी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. पण तिथली एक रीत चांगली होती. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली, की लढाईत पडलेल्यांची नावं दरबारात वाचायची. नाव येताच त्याच्या पथकातला कुणीतरी उभा राही आणि मेलेल्याच्या वतीने म्हणे, "हजर."

एका दसऱ्याला कारकुनाने यादी वाचली आणि गुंडाळली. तेव्हा एक म्हातारा शिपाई उठला. त्याच्या मनगटात राजाने दिलेलं मानाचं कडं होतं.

"महाराज, खेमा नगारचीचं नाव राहिलं. त्याची हजिरी दरसाल मी देतो."

"राहिलं नाही, गाळलं," राजा म्हणाला. "नवी बखर लिहून घेतोय आम्ही. उत्तरेचा गड आमच्या फौजेने एक क्षणही सोडला नाही, असं तिच्यात आहे. मग गडावर एकटाच मागे राहिलेला नगारची कुठे बसवायचा?"

म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गड आम्ही सोडला होता, महाराज. तीनशे जण चोरवाटेने उतरलो. खेमा एकटा वर नगारा बडवत राहिला, म्हणून गनिमाला वाटलं फौज वरच आहे. आम्ही वाचलो म्हणून तर दोन महिन्यांनी परत फिरून गड घेतला. खेमा तेवढा उरला नव्हता."

"हे लिहिलं तर तुझीच अब्रू जाईल. शूर म्हणून कडं दिलंय तुला."

"जाऊ दे अब्रू. मी पळालो, म्हणून नातवंडं बघितली. खेमाला पुसून मला शूर व्हायचं नाही."

आता भर दरबारात राजाला असं सुनावायचं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं. पण शहाण्यांनी दरबार भरलेला असला, की एखादा तरी असा लागतोच. म्हाताऱ्याच्या हाताचे सांधे सुजलेले, कडं निघता निघेना. त्याने दातओठ खाऊन ते ओढून काढलं आणि सिंहासनाच्या पायरीवर ठेवलं.

"खेमा नगारची, हजर," असं मोठ्याने म्हणून तो निघून गेला. राजाने त्याला दरबार बंद केला.

त्याच हिवाळ्यात गनीम पुन्हा आला. त्याच गडाला वेढा पडला. चोरवाटेने उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सेनापतीने विचारलं, "नगाऱ्यावर कोण थांबतो?"

कुणी मान वर केली नाही. शेवटी गडावरचा नवा नगारची म्हणाला, "मरणाला भीत नाही, सरकार. पण मेल्यावर तुम्ही लिहाल, की आम्ही इथे नव्हतोच."

नगारा गप्प राहिला. गनिमाला संशय आला, आणि उतारावरच अर्धी फौज कापली गेली. गडही गेला.

वाचलेल्यांनी नगारचीचे शब्द राजाच्या कानावर घातले.  चौथ्या दिवशी राजा बखर घेऊन स्वतः म्हाताऱ्याच्या दारात गेला. कारकुनाला त्याने ओट्यावर बसवलं.

"सांगा आजोबा, काय लिहू?" राजाने खाली मान घालून विचारलं.

म्हातारा म्हणाला, "लिहा. आम्ही पळालो. खेमा थांबला."

तात्पर्य : मागे थांबणाऱ्याचं नाव जे राज्य पुसतं, त्याच्यासाठी पुन्हा कुणी मागे थांबत नाही.