अजून एक सीट!

चौकात विजेची टॅक्सी आली. ड्रायव्हरची सीट रिकामी, तरी स्टिअरिंग आपसूक वळलं! लोक डोळे विस्फारून बघत राहिले. मागोमाग तशाच आठ आल्या. नऊ गाड्यांतून नगराध्यक्ष आणि त्यांचे आठ अधिकारी उतरले.

"धूर नाही, ड्रायव्हरचा खर्च नाही! हिच्यात काय कमी आहे, सांगा!" नगराध्यक्ष गरजले.

शेअर रिक्षा चालवणाऱ्या हौसाक्का म्हणाल्या, "साहेब, गाडी अजबच आहे. पण आमची रिक्षा सीट भरल्याशिवाय हलत नाही. तुम्ही नऊ माणसांसाठी नऊ गाड्यांची वीज जाळलीत, वर चौक तुंबवलात. हिला ड्रायव्हर नको, पण 'अजून एक सीट' ओरडणारं कुणीतरी हवं."

नगराध्यक्ष परत गाडीत बसले. तोच हौसाक्कांनी हाळी दिली, "साहेब, आत सरका! अजून तीन सीट!"

आणि नगराध्यक्ष चक्क सरकले.