चकचकीत रिम

सायकलीचे भाग एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. श्रीरंगमामांनी आपल्या तरुणपणीच्या बीएमएक्स सायकलला नवा कोरा ब्रेक बसवला. पहिल्याच उतारावर ब्रेकने रिम घट्ट धरली, तरी सायकल सुसाट गेली आणि कडब्याच्या गंजीत घुसली.

"मी धरलं होतं हो!" ब्रेक गोंधळून म्हणाला.

"रबर कच्चं असेल," केबल म्हणाली.

"केबल सैल असेल," रबर म्हणालं.

मामांनी दोन्ही बदललं. सायकल पुन्हा गंजीत. या खेपेला मामांचं कोपर सोललं.

नव्या ब्रेकने भंगाराच्या डब्यात पडलेल्या जुन्या ब्रेकला विचारलं, "आजोबा, माझं काय चुकतंय?"

"मलाही कधी कळलं नाही, बाळा. म्हणून तर डब्यात आलो."

तेवढ्यात मामा खोबरेलात बुडवलेलं फडकं घेऊन आले आणि रोजच्यासारखं मायेने रिम पुसू लागले. "उद्या हाही ब्रेक बदलू. पण गाडी कशी चमकली पाहिजे!"

रिम लाजली. "बघितलंत? किती जीव आहे माझ्यावर!"

ब्रेकने तिच्यावरून ओघळणारा तेलाचा थेंब पाहिला. मग डब्याकडे बघून तो म्हणाला, "आजोबा, जरा सरकून घ्या."